बेळगुंदीचे तेंडुलकर आणि बर्लिनचा डॉक्टर माबुझे

"काल रात्री दीड वाजेपर्यंत तुमच्या खोलीत दिवा होता, भाऊजी. आणि धाड-धाड आवाज! ह्यांना म्हटलं, शेजाऱ्यांनी पिठाची गिरणी टाकली की काय."

आमच्या बेळगावच्या टिळकवाडीत दोन घरांमधलं कुंपण हे कुंपण कमी आणि कट्टा जास्त. वहिनी पलीकडून कढीपत्ता तोडत होत्या. झाड आमचं, फांद्या त्यांच्याकडं, त्यामुळं मालकीचा प्रश्न कधी निघत नाही.

"गिरणी नाही वहिनी, सिनेमा. 'डॉ. माबुझेचं मृत्युपत्र'. जर्मन, १९३३ सालचा."

"जर्मन तुम्हाला कधीपासून कळायला लागलं?"

"खाली इंग्रजी ओळी येतात की. आणि तो आवाज सुरुवातीचा, तेव्हा तर कुणी बोलतच नाही. एका कोठारात खोक्यामागं एक माणूस लपलाय. बाजूच्या खोलीत यंत्र असं धडधडतंय की सगळं हादरतंय. दोघं जण आत येतात, ओठ हलतात, ऐकू काही येत नाही. त्यांनी याला पाहिलेलं असतं, पण पाहिलं नाही असं दाखवून निघून जातात."

"बाहेर गाठायला."

"बरोबर. बाहेर पडतो तर वरून दगड, समोरून पेटतं पिंप."

"यंत्र कसलं?"

"नोटा छापायचं."

"खोट्या?"

"खोट्या."

"मग ठीक आहे," वहिनींचा चेहरा खुलला. "आमच्या बाबूराव अर्नाळकरांच्याकडं पण तळघरात नोटाच छापायचे."

वहिनींनी कॉलेजात असताना झुंजार आणि काळा पहाड पाठ्यपुस्तकात लपवून वाचलेले आहेत आणि त्याचा त्यांना आजही अभिमान आहे. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यातल्या निम्म्या तरी वहिनींच्या नजरेखालून गेल्या असाव्यात. त्यामुळं गुप्तहेर, सूत्रधार, भुयार, मुखवटा हा माल त्यांच्यासमोर मांडताना जपून मांडावा लागतो.

दिग्दर्शक फ्रिट्झ लँग. त्याचा हा दुसराच बोलपट. पहिला 'एम', १९३१ चा. बोलपट नवे असताना सगळ्यांना बोलायची घाई झालेली होती. या बाबानं पहिली काही मिनिटं माणसांची बोलती बंद करून यंत्राला बोलायला लावलं. एके ठिकाणी खोलीत टाइमबॉम्ब टिकटिकतोय, नायक-नायिका आत अडकलेत, आणि त्या टिकटिकीवरून दृश्य बदलतं ते थेट न्याहारीच्या टेबलावर. एक गुंड चमच्यानं उकडलेल्या अंड्याचं कवच फोडतोय, टक, टक. मी हा तुकडा पुन्हा मागं नेऊन पाहिला म्हणून तर दीड वाजला.

"लपलेला माणूस कोण पण?"

"हॉफमायस्टर. आधी पोलिसात होता, लाचेच्या प्रकरणात नोकरी गेली. आता टोळीचा पत्ता लावून साहेबाची मर्जी परत मिळवायची, म्हणून जीव धोक्यात घालून आलाय. निसटतो, साहेबाला फोन लावतो. साहेबाला ऑपेराला जायचं असतं, तो टाळत असतो. शेवटी फोन घेतो. हा नाव सांगणार, तेवढ्यात दिवे जातात, गोळ्या सुटतात, आणि पलीकडून गाणं ऐकू येतं. घाबरून वेडा झालाय."

"नाव राहिलंच?"

"खिडकीच्या काचेवर खरवडून ठेवलेलं. उलटं. साहेब शेवटी ती अक्षरं लावतो. माबुझे."

"हां. हे चांगलं आहे," वहिनींनी पसंतीची मान हलवली. अर्नाळकरांच्या तोडीचं, असा त्याचा अर्थ.

साहेबाचं नाव लोमान. इन्स्पेक्टर कार्ल लोमान, काम केलंय ओटो वेर्निकनं. 'एम' मध्येही हाच लोमान होता. आपल्या डोळ्यांसमोर गुप्तहेर म्हटलं की सडपातळ, लांब कोटातला, मनातल्या मनात गणितं करणारा माणूस येतो. लोमान तसा नाही. लठ्ठ, चिरूट ओढणारा, ओरडणारा, सगळ्या चोरांना नावानं ओळखणारा. त्या काळात बर्लिनच्या पोलिसात एर्न्स्ट गेनाट नावाचा खराखुरा अधिकारी होता. खुनाच्या तपासाचा वेगळा विभाग त्यानं उभा केला, प्रयोगशाळेचं सामान भरलेली मोटार घटनास्थळी न्यायची पद्धत पाडली. अंगानं अवाढव्य आणि केकचा भलता शौकीन. लोमान त्याच्यावरूनच बेतला असं बोललं जातं.

"आणि हा माबुझे? तो कुठं लपलाय?"

"लपलेला नाही. वेड्यांच्या इस्पितळात आहे. दहा वर्षं पलंगावर बसून आहे, एक शब्द बोलत नाही. नुसता लिहितो. पानंच्या पानं."

वहिनींचा हात फांदीवर थांबला. "म्हणजे पकडलेलाच आहे?"

"हो."

"मग इन्स्पेक्टर पकडतोय कुणाला?"

हा प्रश्न सिनेमा सुरू झाल्यावर तासाभरानं आपल्याला पडायला हवा, तो वहिनींना कुंपणावरच पडला. गुन्हेगार कुलूपबंद, आणि बाहेर बर्लिनमध्ये अगदी त्याच्या कागदांवर लिहिल्याप्रमाणं दरोडे पडताहेत. लोमान इस्पितळात जातो तर कळतं की माबुझे नुकताच मेला. प्रेतसुद्धा दाखवतात. तरी हुकूम सुटतच असतात. टोळीतल्या कुणी सूत्रधाराला पाहिलेलं नाही. एका खोलीत बोलावतात, पडदा असतो, पडद्यामागं माणसाची सावली दिसते, आवाज येतो. शेवटी नायक पडद्यावर गोळ्या झाडतो आणि पडदा बाजूला करतो.

"कुणीच नाही," वहिनी म्हणाल्या.

"लाकडी कापलेली आकृती आणि एक लाउडस्पीकर."

"शी! अंगावर काटा आला बघा."

हुकूम देणारा कोण ते मी सांगितलं नाही. इस्पितळाचे एक प्रोफेसर बाउम आहेत, माबुझेच्या बुद्धीनं भारावलेले, इतकंच बोललो. वहिनींनी लगेच डोळे बारीक केले, त्यामुळं न सांगण्याचा उपयोग झाला नाही.

"पण ह्या चोऱ्या कशासाठी? सोनंनाणं?"

इथं गंमत आहे. टोळीतले लोकही हेच विचारतात. चोरलेला माल विकायची मनाई, बँका फोडायच्या त्या पैशासाठी नाही, रासायनिक कारखाना पेटवायचा, पिकं नासवायची, खोट्या नोटांनी चलनावरचा विश्वास उडवायचा. फायदा काहीच नाही. लोकांना नुसती धास्ती बसली पाहिजे, कशावरच भरवसा राहता कामा नये, मग राज्य गुन्ह्याचं. हे बर्लिनमध्ये लिहिलं गेलं तेव्हा जर्मनीत ६० लाखांच्या घरात बेकार होते. सिनेमातला नायक केंट हासुद्धा तुरुंगातून सुटलेला, काम न मिळालेला माणूस; रोजगार केंद्रातच त्याची आणि नायिका लिलीची ओळख होते. त्यांची प्रेमकथा मात्र अळणी आहे. ती दोघं पडद्यावर आली की मी पाणी प्यायला उठायचो. माबुझेचं भूतही मला जरा जास्त वाटलं, बटबटीत डोळे आणि उघडा मेंदू. त्यापेक्षा चौकातला खून कितीतरी भीतिदायक आहे, आणि त्यात रक्ताचा थेंब दिसत नाही.

"तो कसा?"

"एका डॉक्टरला सगळं कळलेलं असतं. त्याची मोटार लाल दिव्यापाशी थांबते. शेजारी मारेकऱ्यांची मोटार. ते हॉर्न वाजवायला लागतात. मागचा एक जण गंमत म्हणून वाजवतो, मग सगळेच. डॉक्टरही हसून वाजवतो. त्या गलक्यात गोळीचा आवाज कुणाला ऐकू येणार? हिरवा दिवा लागतो, सगळ्या गाड्या निघून जातात, एक तेवढी जागेवर."

"आपल्या आरपीडी क्रॉसला संध्याकाळी असं झालं तर आठवडाभर पत्ता लागायचा नाही," वहिनी म्हणाल्या, आणि कढीपत्त्याची जुडी पदरात टाकून कुंपणाला नीट टेकल्या. म्हणजे आता मुख्य विषय काढायला हरकत नव्हती.

"वहिनी, तुमचं माहेर बेळगुंदीकडचंच ना?"

"बेळगुंदीकडचं काय, बेळगुंदीचंच. का?"

"या सिनेमाची पटकथा लिहिणारी बाई, थेआ फॉन हार्बू. दिग्दर्शकाची बायको. 'मेट्रोपोलिस' पण तिनंच लिहिलेला. तर ती ह्या सिनेमाच्या वेळी बेळगुंदीच्या तेंडुलकरांच्या प्रेमात पडली."

एवढा वेळ वहिनी सिनेमा ऐकत होत्या. आता त्या बातमी ऐकायला लागल्या.

"कुठले तेंडुलकर? नाटकवाले?"

"नाटकवाले नाहीत, क्रिकेटवाले नाहीत आणि गांधीजींचं आठ खंडांचं चरित्र लिहिणारे डी. जी. पण नाहीत. अयी तेंडुलकर. शिकायला युरोपात गेलेले, बर्लिनमध्ये पत्रकारिता करत होते. थेआ त्यांच्याहून १७ वर्षांनी मोठी."

"आणि नवरा?"

"नवऱ्याला कळलंच. १९३३ च्या एप्रिलमध्ये घटस्फोट. मग तिनं तेंडुलकरांशी लग्न केलं, गुपचूप. जर्मनीत तेव्हा नाझींचं राज्य आलेलं, काळ्या-सावळ्या माणसाशी उघड लग्न परवडणारं नव्हतं."

"बेळगुंदीची सून म्हणजे!"

"अजून आहे. माबुझेचं काम करणारा नट, रुडोल्फ क्लाइन-रोगे. तो थेआचा पहिला नवरा."

वहिनींनी दोन्ही हात कुंपणावर ठेवले. "थांबा. पहिला नवरा खलनायक, दुसरा नवरा दिग्दर्शक, तिसरा—"

"तिसरा बेळगुंदीत जन्मलेला."

"आणि सगळे एकाच सिनेमाच्या वेळी? अहो, मग त्या नोटा-बिटा कशाला हव्यात, हाच सिनेमा काढायचा की!"

खरं तर क्लाइन-रोगे आणि लँग यांनी या भानगडी सांभाळून वर्षानुवर्षं एकत्र काम केलं. १९२२ चा पहिला माबुझेपट, 'जुगारी डॉ. माबुझे', दोन भागांचा, चार तासांच्या वर. त्यातही माबुझे हाच. ती मूळ कादंबरी नॉर्बर्ट जाक यांची, आधी साप्ताहिकात क्रमशः आलेली. त्या पहिल्या माबुझेला शेअर बाजार कोसळवणं, पत्त्यांच्या टेबलावर नुसत्या नजरेनं समोरच्याला गुंगवणं, असले छंद होते. दुसऱ्या सिनेमातल्या माबुझेला अंगानं काहीच करावं लागत नाही, आणि म्हणूनच तो जास्त घातक वाटतो.

लँगच्या पहिल्या बायकोचा विषय मी काढणार नव्हतो. पण वहिनींनी "त्याची आधीची कुणी नव्हती का?" असं विचारलंच. होती. १९२० मध्ये गोळी लागून गेली, पिस्तूल लँगचं. थेआचं आणि त्याचं तेव्हाच जुळलेलं होतं. खटला कुणावर झाला नाही. आवाज आपोआप खाली आला आमचा. त्या दिवसापासून लँग रोजच्या बारीकसारीक नोंदी लिहून ठेवायला लागला असं त्याचे चरित्रकार सांगतात.

"लोमानला पाठवायला हवं होतं तिथं," वहिनी एवढंच म्हणाल्या.

मग मी त्यांना सिनेमावरच्या बंदीचं सांगितलं. हिटलर जानेवारी १९३३ मध्ये चॅन्सेलर झाला, मार्चमध्ये गोबेल्स प्रचारमंत्री. २८ मार्चला गोबेल्सनं कैसरहोफ हॉटेलात सिनेमावाल्यांपुढं भाषण केलं आणि आदर्श म्हणून ज्या मोजक्या चित्रपटांची नावं घेतली त्यात लँगचा 'निबेलुंगन' होता. दुसऱ्याच दिवशी 'माबुझेचं मृत्युपत्र' बंद. कायदा आणि सुव्यवस्थेला धोका म्हणून. चित्रीकरणाच्या वेळीच वेगळे नट घेऊन एक फ्रेंच आवृत्तीही काढलेली होती, आणि सिनेमा लोकांना पहिल्यांदा दिसला तो जर्मनीबाहेर.

"आणि मग गोबेल्सनं लँगला भेटायला बोलावलं," मी म्हणालो. "लांबच लांब दालनं, काळे गणवेशवाले पहारेकरी, टोकाला गोबेल्स, गोड बोलतोय. म्हणतो, सिनेमाचं सोडा, फ्यूररची इच्छा आहे की जर्मन चित्रपटांचा सगळा कारभार तुम्ही बघावा. लँग म्हणतो, माझी आई जन्मानं ज्यू. गोबेल्स म्हणतो, कोण ज्यू ते आम्ही ठरवू. लँगची नजर खिडकीबाहेरच्या घड्याळावर. बँक बंद व्हायची वेळ जवळ येतेय, हा माणूस सोडत नाही. घामाघूम. शेवटी बाहेर पडतो तर बँक बंद. घरी येतो, हाताला लागेल ते उचलतो आणि त्याच रात्रीच्या गाडीनं पॅरिस!"

"अगं बाई."

"हे लँगनं पुढं अमेरिकेत वर्षानुवर्षं सांगितलं. दर वेळी थोडं रंगवून."

"म्हणजे?"

"म्हणजे झालं असं की त्याचा पासपोर्ट बर्लिनच्या संग्रहालयात आहे. १९९० मध्ये गोस्टा वेर्नर नावाच्या स्वीडिश अभ्यासकानं त्यावरचे शिक्के तपासून बघितले. लँग त्या वसंतात आणि उन्हाळ्यात जर्मनीत ये-जा करत होता. बाहेर गेला, परत आला, पुन्हा गेला. परकीय चलन रीतसर काढल्याच्या नोंदी आहेत. कायमचा गेला तो जुलैच्या अखेरीला. आणि गोबेल्सच्या रोजनिशीत ती भेटच नाही. गोबेल्स कुणाच्या खोकल्याचीही नोंद ठेवणारा."

वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. त्यांना हे आवडलेलं नव्हतं.

मला आवडतं, आणि त्याचं कारण मी त्यांना समजवायचा प्रयत्न केला. ज्या माणसानं पडद्यामागं लाउडस्पीकर ठेवला, त्यानंच स्वतःच्या आयुष्यावर असला पडदा टाकून आत ध्वनिमुद्रिका लावून ठेवावी! सिनेमात प्रोफेसर बाउम हेच करतात. दाराची कडी हलवली की आतून त्यांचा आवाज येतो, मला त्रास देऊ नका. बाहेरच्यांना वाटतं साहेब आत कामात आहेत. साहेब केव्हाच बाहेर. लँगची गोष्टही अशीच दशकानुदशकं दाराआडून वाजत राहिली आणि सगळे मान डोलावत परतले. वेर्नरनं कडी सोडून दारच ढकललं. याला मी खरा लोमान म्हणतो. एका जुन्या पासपोर्टावरून त्यानं अर्ध्या शतकाची थाप पकडली, तीही आयुष्यभर नोंदी ठेवणाऱ्या माणसाची. १९४३ मध्ये न्यूयॉर्कला सिनेमा दाखवताना लँगनं लिहिलं की नाझींच्या घोषणा मी मुद्दाम गुन्हेगारांच्या तोंडी घातल्या. तेही तेव्हापासून जसंच्या तसं छापलं जातं. थेआच्या हातची पटकथा आहे, आणि थेआ तर पुढं नाझी पक्षाची सभासद झाली, हे त्या वेळी कुणी शेजारी ठेवून पाहत नाही. सिनेमा बघताना मलाही त्या कागदांतून हिटलरच ऐकू येतो. पण लिहिताना त्या दोघांच्या डोक्यात काय होतं, याचा साक्षीदार म्हणून मी लँगला उभा करणार नाही.

"तुम्ही फार खुसपटं काढता," वहिनी म्हणाल्या. "बाईचं सांगा. नाझी कशी झाली? आणि घरात आपला माणूस?"

"तिचं म्हणणं, हिंदी विद्यार्थ्यांना मदत करता यावी म्हणून. बर्लिनमधल्या हिंदी मुलांना तिनं मदत केली हे खरं आहे. नाझी सरकारच्या काळात ती सिनेमे लिहीत राहिली हेही खरं आहे. तेंडुलकर महायुद्धाच्या तोंडावर इकडं परतले, बेळगावात मराठी वर्तमानपत्र काढलं. इंग्रज सरकारनं तुरुंगात टाकलं. पुढं इंदुमती गुणाजींशी लग्न, तेही गांधीजींनी घातलेल्या अटी पाळून, १९४५ मध्ये सेवाग्रामला. त्यांच्या मुलीनं, लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी, सगळ्यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलंय."

"मुलीनं लिहिलं? वडलांच्या जर्मन बायकोवर पण?"

"सगळं."

"धीट आहे बाई. आणि ही थेआ?"

"युद्धानंतर इंग्रजांनी काही काळ छावणीत ठेवली. मग पडलेल्या बर्लिनमधला राडारोडा उचलायचं काम केलं, इतर बायकांसारखं. १९५४ मध्ये तिनं लिहिलेला एक जुना मूकपट महोत्सवात दाखवला, लँगनंच काढलेला. बघून बाहेर पडताना ती पडली आणि थोड्याच दिवसांत गेली."

"अरेरे." वहिनी खरंच हळहळल्या. बेळगुंदीची सून, शेवटी.

"आणि लँग पुढं काय करतो? १९५८-५९ मध्ये अमेरिकेहून परत येऊन जर्मन निर्मात्यासाठी 'हिंदी थडगं' काढतो. गोष्ट कुणाची? थेआची, तिच्या १९१८ च्या कादंबरीतली. चित्रीकरण कुठं? उदयपूरला."

"भारतात आला होता?"

"आला होता. आणि शेवटचा सिनेमा १९६० चा, पुन्हा माबुझेच."

"उदयपूरला आला आणि बेळगावला नाही?"

"बेळगावला कशाला येईल?"

"तेंडुलकरांना भेटायला! काय सीन झाला असता, भाऊजी. दोघं समोरासमोर. हा म्हणणार, तुझ्यामुळं माझी पटकथालेखिका गेली. ते म्हणणार, बसा आधी, कुंदा घ्या…"

तेवढ्यात पलीकडच्या व्हरांड्यातून वहिनींच्या ह्यांचा आवाज आला. पेपरामागून अर्धं ऐकत होते इतका वेळ.

"कोण गं बेळगुंदीचा? कुणाला अटक झाली बर्लिनमध्ये?"

"अटक कुणाला नाही हो. आलेच." वहिनींनी कढीपत्ता सावरला आणि व्हरांड्याकडं जाता जाताच सुरुवात केली. "ऐका. एक डायरेक्टर होता जर्मनीत, त्याला गोबेल्सनं बोलावलं, आणि बँक बंद झालेली, तर हा त्याच रात्रीच्या गाडीनं—"

"वहिनी, त्याच रात्री नाही हो! जुलैच्या शेवटी!"

"अहो, मी गोष्ट सांगतीये भाऊजी," त्या मागं वळून म्हणाल्या, "पासपोर्ट नाही तपासत."